शी, छी, थू, ईऽऽ : किळसेचे उद्गार आले कुठून?

नाकमुरडी (नौपाडा, ठाणे)

शाळेत केवलप्रयोगी अव्ययांचा तक्ता आपण सगळ्यांनीच घोकलाय. हर्षदर्शक वाहवा, शोकदर्शक अरेरे, आणि खाली कुठेतरी तिरस्कारदर्शक: शी, छी, थू, हुड, हत्, धिक्. एका ओळीत कोंबलेले. परीक्षेत एक गुण मिळाला की विषय संपला.

माझं म्हणणं असं की या ओळीतला एकही शब्द दुसऱ्याच्या जागी चालत नाही. दूध नासलं तर तोंडातून "ईऽऽ" किंवा "शी" जातं. कुणी पैसे खाऊन शब्द फिरवला तर "छी", आणि फारच झालं तर "थू". तिथे "ईऽऽ" म्हणून बघा, आपलंच आपल्याला हसू येईल. सामना हातातून गेला की "छ्या". त्यात किळस उरलेलीच नाही, नुसता वैताग. "शी बाई, काहीतरीच तुझं" यात तर लाड आहे, पण "छी बाई, काहीतरीच तुझं" असं कुणी म्हणत नाही. आणि इश्श! काही व्याकरणांत तेही तिरस्कारदर्शकांत घातलेलं आहे. इश्श म्हणणारीला आपला तिरस्कार वाटतोय असं ज्या पंडिताला वाटलं, त्याचं लग्न कसं जमलं देव जाणे.

माझा अंदाज: हे सगळे आवाज मुळात तोंडाच्या आणि नाकाच्या हालचाली आहेत. थू म्हणजे थुंकणं, ते तर उघडच आहे. शी म्हणजे वास आत जाऊ नये म्हणून दातांच्या फटीतून श्वास बाहेर ढकलणं. आणि नाक आक्रसून वरचा ओठ उचलला की घशातून जो स्वर निघेल तो ईऽऽ. आरशासमोर करून बघा. शब्द नंतर झाले, आधी तोंड वाकडं झालं.

जाणकारांनी भर घालावी. जेवताना वाचू नये.

उगाचच (कळवा)

जेवतानाच उघडला धागा. शी. (वैतागदर्शक, लाडिक नव्हे.)

पंतोजी (वाशी)

धिक् या मंडळींत सर्वांत खानदानी, म्हणून त्याच्यापासून सुरुवात करतो. संस्कृतात या उद्गाराला हक्काची विभक्ती आहे. ज्याचा धिक्कार करायचा तो द्वितीयेत येतो: धिक् त्वाम्. भर्तृहरीच्या नीतिशतकातला श्लोक अनेकांना आठवत असेल. मी जिचं चिंतन करतो ती दुसऱ्यावर आसक्त, तो दुसरा तिसरीवर, आणि ती तिसरी माझ्यासाठी झुरते. मग शेवटचा चरण: धिक् तां च तं च मदनं च इमां च मां च. तिला, त्याला, मदनाला, हिला आणि मलाही. एका धिक्वर पाच जणांना घेतलंय, आणि स्वतःलाही वगळलेलं नाही.

धिक्कार म्हणजे "धिक्" असा आवाज करणं. हुंकार, फूत्कार, चीत्कार, थूत्कार यांच्या शेवटी जो "कार" आहे तोच हा. तिरस्कार मात्र या कुळातला नाही, दिसायला सारखा असला तरी. तिरस् म्हणजे आड, बाजूला. तिरस्कार म्हणजे बाजूला सारणं. त्यात उद्गार नाही, हाताची हालचाल आहे.

नाकमुरडीताई, तुमच्या "आधी तोंड वाकडं झालं"ला भरतमुनींचा पाठिंबा आहे. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात बीभत्स रसाचे अनुभाव, म्हणजे भाव दिसतो त्या शारीरिक क्रिया, दिलेत: सर्व अंग आखडून घेणं, मुखविकूणन म्हणजे तोंड वेंगाडणं, ओकारी, निष्ठीवन म्हणजे थुंकणं, उद्वेग. नटाने काय म्हणायचं ते मुनींनी सांगितलेलं नाही, शरीराने काय करायचं ते सांगितलंय. (या रसाचा वर्ण नील आणि देवता महाकाल. प्रश्नमंजूषावाल्यांसाठी.)

आणि त्याचा स्थायीभाव, म्हणजे मूळ भावना, जुगुप्सा. हा शब्द मला फार आवडतो, अर्थ बाजूला ठेवून. धातू गुप्, म्हणजे रक्षण करणं. गुप्त यातला. पाणिनीच्या "गुप्तिज्किद्भ्यः सन्" या सूत्राने त्याचं जुगुप्सते होतं. घडण इच्छार्थक क्रियापदांसारखी, अर्थ मात्र किळस करण्याचा, निंदेचा. जपणं आणि किळस एकाच धातूतून निघतात हे उगीच नसावं.

स्पेक्ट्रोग्राम (ऐरोली)

ध्वनिशास्त्र शिकलोय, पोटापाण्याला दुसरंच करतो, त्यामुळे हा धागा सोडवत नाही.

उद्गारांतून भाषा जन्मली, ही कल्पना जुनी आहे. भाषाशास्त्रज्ञ माक्स म्युलरने १८६१ च्या लंडनमधल्या व्याख्यानांत तिची टर उडवली आणि तिला "पूह-पूह" सिद्धान्त असं नाव दिलं. प्राण्यांच्या आवाजांच्या नकलेतून भाषा आली म्हणणाऱ्यांना त्याने "बाऊ-वाऊ"वाले म्हटलं. गंमत बघा, "पूह" हा स्वतःच इंग्रजीतला तुच्छतेचा उद्गार. म्हणजे ज्या सिद्धान्ताला छी म्हणायचं, त्याचं नावच "छी-छी सिद्धान्त" ठेवलं.

डार्विनने १८७२ साली भावनांच्या अभिव्यक्तीवर लिहिताना किळसेची सगळी हकीकत चवीपासून सुरू केली. तोंडात नको ते आलं की ते बाहेर काढण्याची धडपड: ओठ उघडणं, फुंकणं, थुंकणं, घसा खाकरल्यासारखा आवाज. इथपर्यंत नाकमुरडीचा मुद्दा मान्य. मी हे दोन गटांत बघतो. ई, शी, छी हे नाक बंद करणारे. ओठ ताणलेले, जीभ पुढे. थू, फू, इंग्रजी पूह, जर्मन प्फुई हे बाहेर फेकणारे. ओठांतून किंवा दातांतून हवा फट्कन सुटते. एकात दार लावून घेतो, दुसऱ्यात पाहुण्याला हाकलतो.

पण एक थंड पाण्याचा हबका. २०२४ मध्ये पोन्सोने, कूपे आणि पेलेग्रिनो या संशोधकांनी १३१ भाषांतले वेदना, किळस आणि आनंदाचे उद्गार तपासले. वेदनेच्या उद्गारांत भाषा कुठलीही असो, आ सारखे उघडे स्वर ठळकपणे जास्त निघाले. किळसेच्या उद्गारांत असा कुठलाच समान स्वर सापडला नाही. आपल्या कानाला "ई" नैसर्गिक वाटतो तो आपण मराठी आहोत म्हणून. तोंड सगळ्यांचं वाकडं होतं, पण त्यातून कुठला आवाज काढायचा हे ज्याची त्याची भाषा ठरवते.

(आपल्याकडे दोन्ही शेजारीच नांदतात. बोट चेमटलं की "आई गं", बोटाला शेंबूड लागला की "ई गं".)

नाकमुरडी

हबका पोचला, पण मी अजून कोरडीच आहे. स्वर वेगळे निघाले, ठीक. व्यंजनांचं काय? श, छ, थ, फ, या सगळ्यांत हवा घासत किंवा फट्कन सुटत बाहेर जाते. म, न, ल वर चालणारा किळसेचा उद्गार मराठीत दाखवा. "लाऽऽ, दूध नासलं" असं कोण म्हणतं?

स्पेक्ट्रोग्राम

मराठीपुरतं बरोबर. अभ्यास स्वरांचाच होता.

दोन_घरची_सून (नेरूळ)

माहेर ठाण्याचं, सासर तमिळ. लग्नानंतर भाषेच्या नावाने सगळी बोंब होती, पण एक शब्द पहिल्या दिवसापासून कळला: सासूबाईंचा "ची!". अगदी आपला छी, फक्त छ चा च. तेलुगू, कन्नड, मल्याळममध्येही छी-ची आहेच. आमच्या मजल्यावर बंगाली बिऱ्हाड आहे, तिकडे "छि छि" दोनदा आणि खूप दुःखाने म्हणतात. समोरच्या गुजराती बेनचा छी. संस्कृतोद्भव आणि द्राविडी, दोन निराळी कुळं, तरी छी एकच. एकाने दुसऱ्याकडून उचलला की दोघांच्या दातांतून हवा तशीच सुटली, यावर आमच्याकडे जेवणाच्या टेबलावर वाद झालेत.

सासूबाईंचं मत अर्थातच ठाम आहे: तो तमिळच.

इक्बाल_मुंब्रा

यात उफ राहिला. आपल्याला तो गाण्यांतला नाजूक सुस्कारा वाटतो, अरबीत मात्र तो वैतागाचा आणि किळसेचाच उद्गार. कुराणात सतराव्या सूरेच्या तेविसाव्या आयतीत म्हातारपणी आईवडिलांना "उफ" सुद्धा म्हणू नका असं सांगितलंय. घरी लहानपणी आम्हाला यावरूनच दरडावायचे, त्यामुळे हा उद्गार आमच्याकडे गिळला जातो. जुने अरबी कोशकार उफ म्हणजे कानातला किंवा नखातला मळ असाही अर्थ देतात. म्हणजे घाणीचं नाव आणि घाण बघून निघणारा आवाज एकच. मराठीतली शी तशीच ना?

अर्धीझोप (खारघर)

इक्बालभाई, अगदी तशीच! सध्या माझ्या आयुष्यात शी हे नामच आहे, अव्यय वगैरे नाही. झाली का, कशी झाली, कुठल्या रंगाची झाली. शू सुद्धा तशीच. बाळाला न्हाणीघरात धरून "शूऽऽ" करायचं, म्हणजे त्या आवाजावर धार सुटते, आणि आवाजाचंच नाव त्या वस्तूला. इंग्रजीत "पूह" उद्गार आणि "पू" म्हणजे शी, हेही तसंच दिसतंय.

पण माझा खरा मुद्दा वेगळा. आमच्या चिरंजीवांना शी ची शी वाटतच नाही. परवा त्यात हात घालून भिंतीवर चित्रकला झाली, चेहऱ्यावर केवढा अभिमान! मी "शीऽऽ" म्हणून ओरडले तर तोही आनंदाने "शीऽऽ" म्हणाला. कडू औषधाला मात्र जन्मल्यापासून तोंड वाकडं करतो. कडू कळतं आणि घाण कळत नाही?

स्पेक्ट्रोग्राम

हो, असंच असतं. कडवट चवीला तोंड वाकडं करणं नवजात बाळातही दिसतं. विष्ठेची किळस साधारण दोन-तीन वर्षांपर्यंत नसते, ती मोठ्यांच्या चेहऱ्यांवरून येते. पॉल रोझिन या मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात यावर बरंच काम केलं. शेंगदाण्याचं लोणी आणि वास मारणारं चीज मिसळून कुत्र्याच्या विष्ठेसारखा गोळा बनवला. अडीच वर्षांखालच्या अर्ध्याहून जास्त मुलांनी तो खुशाल तोंडात घातला. उलट मोठ्यांसमोर त्याच आकाराचा चांगला चॉकलेटचा गोळा ठेवला तर त्यांची खाण्याची इच्छा उडाली. निर्जंतुक केलेलं मेलेलं झुरळ सरबतात बुडवून काढलं, तर झुरळ स्वच्छ आहे हे माहीत असूनही लोकांना ते सरबत नको झालं.

चिरंजीवांना सांगा, संशोधन त्यांच्या बाजूचं आहे.

उगाचच

भिंत कोण पुसतंय यावर संशोधन झालंय का?

खाडीकाठ (चेंदणी कोळीवाडा, ठाणे)

इतका वेळ वाचत होतो. नाकाचा विषय निघालाय तर थोडं आमच्या नाकाबद्दल.

आमच्या आळीत कुणी नवीन पाहुणा आला की त्याचं नाक आधी बोलतं. सुकटीचा वास, बोंबील वाळत घातलेले, जवळा. "शी, कसला वास!" हे मी शाळेत डबा उघडल्यावर ऐकलंय. गंमत अशी की ज्याला लोक "म्हावऱ्याचा वास" म्हणतात तो ताज्या म्हावऱ्याला नसतोच. ताज्या माशाला समुद्राचा वास येतो. तो उग्र वास ट्रायमिथिलअमीनचा. मासा मेल्यावर जिवाणू त्याच्या अंगातल्या एका पदार्थापासून तो तयार करतात. बर्फात ठेवला तर सावकाश, उन्हात ठेवला तर भराभर. वर लिंबू, कोकम, चिंच लावतात ते चवीसाठी आहेच, पण आंबटाने तो अमीन बांधला जातो, वास उडत नाही. आमच्या आज्यांना रसायनशास्त्र नव्हतं, कोकम होतं.

म्हणजे किळस आम्हालाही आहे, उलट तुमच्यापेक्षा बारीक आहे. आजी मासे घेताना कल्ला उचलायची, लाल की मातकट ते बघायची, बोटाने दाबायची, डोळा आत गेलाय का पाहायची. खराब निघाला तर "शी" नाही म्हणायची. टोपलीकडे न बघता "नाय" म्हणायची आणि पुढे जायची. त्या "नाय"ची विकणारीला जास्त भीती.

वरती कोण म्हणालं न चा किळसेचा उद्गार दाखवा? हा घ्या.

नाकमुरडी

खाडीकाठ, "नाय" मी उद्गार म्हणून मोजायला तयार नाही, पण तुमच्या आजीशी वाद कोण घालणार.

सडेतोड (बेलापूर)

गमतीजमती झाल्या असतील तर एक न गमतीची गोष्ट. खाडीकाठच्या डब्याला जी "शी" आली ती माशाला होती की माणसाला? भाड्याने घर देताना "व्हेज फॅमिली हवी" म्हणतात, तेव्हा वासाचं कारण पुढे करतात, पण आडनाव विचारून झाल्यावर.

वर डार्विनचं नाव आलंय. त्याच पुस्तकात त्याने स्वतःचा एक प्रसंग सांगितलाय. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, टिएरा डेल फ्यूगोमध्ये तो थंड डबाबंद मांस खात होता. तिथल्या एका स्थानिकाने त्या मांसाला बोट लावून पाहिलं आणि त्याला त्या मऊपणाची किळस आली. आणि डार्विनला किळस आली ती उघड्या अंगाच्या "रानटी" माणसाने आपल्या अन्नाला हात लावल्याची. हात काही घाण दिसत नव्हते, हेही तोच लिहितो. एकाला वस्तूची किळस, दुसऱ्याला माणसाची.

आपल्याकडे हे शास्त्रोक्त करून ठेवलं होतं. विटाळ, शिवाशीव, सोवळं-ओवळं. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेब आणि हजारो लोक प्यायले, त्यानंतर सवर्णांनी ते तळं "शुद्ध" केलं. कशाने? शेण, गोमूत्र, दूध, दही यांनी. गुरं त्या तळ्यावर आधीही पाणी पीत होती. म्हणजे शेण-मूत्राला शी नाही, माणसाच्या ओंजळीला शी. ही किळस नाकातून आलेली नाही, तेव्हा जिभेचे आणि ओठांचे हिशेब इथे पुरे पडत नाहीत.

आणि जे लोक खरोखर आपली घाण उचलतात, त्यांच्याबद्दल (हाताने मैला उचलण्यावर बंदीचा) कायदा व्हायला २०१३ उजाडलं. म्हणजे १९९३ चा होता, पण तो कागदावरच. २०१३ च्या कायद्यानेही गटारात उतरून मरणं थांबलेलं नाही. त्या बातमीला कुणी "शी" म्हणत नाही. "अरेरे" म्हणतात. शोकदर्शक.

पंतोजी

सडेतोड, मुद्दा मान्य. एक जोडतो: "छीथू" हे मराठीत नाम झालंय, "लोकांत छीथू झाली". शी चं तसं होत नाही, "शी झाली" म्हटलं तर अर्धीझोपताईंकडे जावं लागेल. छी आणि थू हे चारचौघांत, माणसावर करायचे उद्गार. शी आणि ई वस्तूवर. नाकमुरडीताईंनी पहिल्याच पोस्टमध्ये जो भेद सांगितला तो इथे पुरेसा टोचतो.

दोन_घरची_सून

थू बद्दल उलटं उदाहरण. बाळ गोड दिसलं की "थू थू, दृष्ट नको लागायला". ग्रीक बायकाही अशाच "फ्तू फ्तू फ्तू" करतात, तीनदा. तिथे थुंकण्याचा अर्थ किळस नाही, संरक्षण. पंतोजींच्या जुगुप्सेतला जपणारा गुप् इथे बसतो बघा.

उगाचच

हिंगाबद्दल कुणीच कसं बोललं नाही? आपण वरणाच्या फोडणीत घालून डोळे मिटून वास घेतो. जर्मन लोकांनी त्याला नाव ठेवलंय "टॉयफेल्सड्रेक", सैतानाची विष्ठा. गंधकाची संयुगं आहेत म्हणे त्यात. खाडीकाठ, पुढच्या वेळी कुणी शी केलं तर त्याच्या आमटीकडे बोट दाखवा.

खाडीकाठ

आमटी आमच्यातही असते रे. सुकट घालून.

अर्धीझोप

भाचीच्या शाळेत (घोडबंदर साइड) आता शी कुणी म्हणतच नाही. "यक्क" आणि "इऽऽव". यक्क वरून विशेषणही झालंय, "किती यक्की आहे". हे काय प्रकरण?

स्पेक्ट्रोग्राम

यक्क इंग्रजीतही फार जुना नाही, १९६० च्या दशकातला. पण शेवटचा क बघा, घसा बंद होतोय. ओकारी येते तेव्हा नेमकं तेच होतं. मराठीतलं "वॅक्" त्याचाच चुलतभाऊ वाटतो, त्यामुळे तो मुलांच्या तोंडात पटकन बसला. "इव" मध्ये तर आपल्याच ई ला पुढे ओठ गोल करून शेपूट लावलंय.

नाकमुरडी

आता माहिती गोळा करूया. ज्याने त्याने लिहा: गाव, म्हणणाऱ्याचं साधारण वय, उद्गार, आणि तो कशावर निघाला. "कशावर" हे नक्की लिहा, सडेतोड म्हणतायत ते त्यातच दिसेल. ठाण्याची यादी मी सुरू करते. नौपाडा, सत्तरी पार, "शिव शिव शिव", लिफ्टमध्ये कुत्र्याने केलेल्या प्रकारावर.

उगाचच

कळवा, चाळिशी, "ह्याऽऽट्". लोकलमध्ये पंख्याखालची जागा गेली त्यावर. चालेल का?

नाकमुरडी

वैतागाच्या रकान्यात.

दिवाळे_गावची (बेलापूर)

पहिल्यांदाच लिहितेय. दिवाळे, आजी, ऐंशीच्या घरात. ती शी म्हणत नाही, छी म्हणत नाही. "वंगाळ" म्हणते, नुसतं तेवढंच, दारात साचलेल्या गटाराच्या पाण्यावर. हा उद्गार धरायचा की विशेषण?

पंतोजी

धरा. वंगाळ आणि ओंगळ भावंडं, मूळ अमंगल. आजी त्या पाण्याला घाण म्हणत नाहीयेत, अशुभ म्हणतायत. सोबत गटाराचा फोटो काढून वॉर्ड ऑफिसलाही पाठवा.